चकाचक चूल

तुम्हाला सांगते, कार्बन क्रेडिट समजावता समजावता आमच्या काकूपुढं माझा घसा बसला.

"काकू, या नव्या स्टीलच्या चुलीनं धूर कमी होतो, त्याचं क्रेडिट कंपनी विकते, म्हणून चूल आपल्याला फुकट. पण वापर दिसला नाही, तर परत नेतील!"

तपासणीला कंपनीचे साहेब आमच्या गावी, निरगुडसरला आले, तर चूल आरशासारखी लखलखत होती.

"ही वापरलेलीच नाही. परत न्यावी लागेल."

मी काकूवर उखडले, "घासायला कुणी सांगितलं होतं?"

"पावणं येणार म्हणल्यावर काळी चूल दाखवू व्हय?" म्हणत तिनं काटक्या पेटवल्या, न बघताच हवेची झडप फिरवली आणि भाकरी टाकली. भाकरी टम्म फुगली, तशी चूल रोजच्या वापरातली असल्याची साहेबांची खात्री पटली.

जाताना ते म्हणाले, "काकू, पुढच्या वेळी चूल घासू नका."

"मग राव, तुमी येणार ते कळवू नका!"