दाराच्या हँडलवरचा टॉवेल

हॅलो?… हो, मीच. बोल चिमे… नाही गं, झोपले नव्हते. पडले होते नुसती… हो, जेवले… अगं खरंच जेवले. काय जेवले ते नको विचारूस, आठवत नाही.

एकटीच आहे खोलीत. दार लावलंय… नाही, कुणी येणार नाही. तू बोल निवांत.

बसलेय बघत. बाल्कनीत तो बॉल लोंबतोय ना, मोज्यात घालून टांगलेला… हो, तोच, तुझ्या डोक्याला लागला होता तो. वाऱ्यानं हलतोय. थांबला की मी वाट बघते परत कधी हलतो त्याची. असं चाललंय माझं.

हं… हं… कुठल्या चॅनलवर?… नाही, इथे टीव्ही बंद आहे. सासूबाईंनी वायरच काढून ठेवलीय. पाहुण्यांची फार पंचाईत झालीय त्यामुळे. सांत्वनाला आले आणि बातम्याच नाहीत. जिन्यात जाऊन मोबाईलवर बघतात बिचारे.

विष?… काल गळा दाबला म्हणत होते ना?… अच्छा, आधी विष आणि मग गळा. बरं.

नाही गं, चिडले नाहीये. तू सांग ना. मला काही होत नाही ऐकून. दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटतं. कुठला तरी कोच मॅच हरला आणि कुठल्या तरी हॉटेलात मरून पडला. वाईट झालं बिचाऱ्याचं, एवढंच मनात येतं.

काय?… सट्टेबाज?… चिमे, अगं सरांना गाडीची किल्ली सापडायची नाही वेळेवर, ते कसली मॅच विकणार! खिशात हात घालून ‘किल्ली कुठाय, किल्ली कुठाय’ म्हणत घरभर फिरायचे… हो, नवरा असला तरी ‘सर’च येतं तोंडात. सगळी पोरं म्हणायची, मीही म्हणायला लागले. आता कुठली नवी हाक मारू?

नाही, रिपोर्ट नाही आला अजून. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं असावं. ‘असावं’ म्हणाले ना, संपलं. त्या ‘असावं’च्या फटीतून सगळे आत घुसलेत. आमचा इस्त्रीवाला, तोसुद्धा. कपडे द्यायला आला तर म्हणतो, ‘बाई, दार आतून बंद होतं म्हणता, पण खिडकीचं काय?’ अकराव्या मजल्यावर खिडकी, आणि याचं आपलं खिडकीचं काय. मी म्हटलं, शर्टाचं बटण तुटलंय ते बघ आधी.

हसले ना मी? बघ, हसतेसुद्धा. आणि मग लोक बघतात माझ्याकडे.

सांग, पुढे सांग. काय दाखवतायत आता?… फोटो. हं. खोलीच्या दाराचा… काय आहे दारावर?… थांब थांब. परत सांग… टॉवेल? बाहेरच्या बाजूला, हँडलवर?… कसा आहे?… निळ्या काठाचा. त्याच्याभोवती लाल गोल काढलाय. ‘हेच का खुनाचं हत्यार?’… अगं बाई. त्यालाच हत्यार केलं यांनी.

…

चिमे, तो आमचा टॉवेल आहे.

वेड नाही लागलं मला. आमच्याच घरातला. जोडी होती, दोन. एक दौऱ्यावर जायचा त्यांच्याबरोबर… अगं तुला माहितीय तो! तू सुट्टीत आली होतीस, विचारलं नव्हतंस का, भावोजींच्या दाराला टॉवेल का लावलाय म्हणून? मी काय सांगितलं होतं?… हां. तेच. मॅच हरलेत, आवाज करू नकोस.

अगं ती त्यांची ड्रेसिंग रूममधली रीत. बॅट्समन आउट होऊन आला, की टॉवेल डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसतो. मग त्याच्याशी कुणी बोलत नाही. पाणीसुद्धा विचारत नाहीत. तो आपणहून टॉवेल काढेल तेव्हा. सरांचं खेळणं सुटलं, कोच झाले. डोक्यावरचा टॉवेल दारावर आला, एवढाच फरक. हरले की खोलीत जायचं, कडी लावायची, बाहेर टॉवेल.

आत काय करायचे?… रडायचे, चिमे… हो, सर. रडायचे. नळ सोडून रडायचे, म्हणजे बाहेर ऐकू जात नाही असं वाटायचं त्यांना. मग तोंडबिंड धुऊन बाहेर. ‘चहा आहे का?’ नेहमीचं वाक्य. मी आपली चहा टाकायची. कधी विषय काढला नाही.

कुणी नाही वाजवायचं दार. कुणीच नाही. त्यांची आईसुद्धा नाही. अगं एकदा स्वयंपाकघरातला पडदा पेटला, मी बादलीनं विझवला, धुरानं खोकून खोकून जीव गेला, पण हाक नाही मारली. टॉवेल होता ना दारावर. संघातल्या पोरांनाही पाठ. बाहेरगावी हॉटेलात असले तरी तेच. टॉवेल दिसला की मागे फिरायचं.

पोलिसांना?… अगं आला होता ना फोन काल, टॉवेल ओळखता का म्हणून. दिरांनी घेतला. म्हणाले, आमच्या घरातला नाही… माहितीय त्यांना, का नसेल? लहानपणापासून भाऊ आहे तो… मी समोरच बसले होते. मटार सोलत होते. सोलत राहिले.

का म्हणजे काय? त्यांचं म्हणणं, दादा हरला म्हणून कोंडून घेऊन रडत मेला, हे जगाला सांगायचं? त्यापेक्षा कुणी मारला हे बरं. मारलेल्या माणसाचं नाव स्टेडियमला देतात. रडणाऱ्यावर विनोद करतात, दुसरं काय… नाही गं, वाईट नाहीत ते. रडून रडून डोळे सुजलेत त्यांचे. भावाचा मान राखतायत, त्यांच्या परीनं.

आज दुपारी पत्रकार येणार आहेत. खाली, गेटपाशी. मी जायचं आणि म्हणायचं, माझ्या नवऱ्याचा घातपात झाला, आम्हाला न्याय हवा. दीर बाजूला उभे राहणार. कपडे कुठले घालायचे तेही सांगून झालंय… मी काय म्हणाले? बरं म्हणाले. सगळ्यालाच बरं म्हणतेय मी. काल दूधवाला म्हणाला उद्यापासून दूध बंद, तर त्यालाही बरं म्हणाले.

काय?… काय म्हणालीस?… कुणाला धरलं?

लंबूला? आमच्या लंबूला?… कधी?… अगं तूच नीट ऐक ना, मला काय विचारतेस! चौकशीला नेलंय की अटक केलीय?… हं… कॅमेऱ्यात दिसतोय. दारासमोर उभा… हो… हात वर केला… हात खाली घेतला… मागे फिरला. आणि ते काय म्हणतायत?… काम झालं का बघायला आला होता. वा!

शेवटच्या ओव्हरमध्ये नो-बॉल टाकला, मॅच गेली, सरांनी सगळ्यांसमोर झापलं, म्हणून यानं… चिमे, सरांनी कुणाला झापलं नाही? मला मीठ जास्त झालं म्हणून झापायचे. त्या हिशेबानं सगळ्यात आधी मलाच धरायला हवं.

अगं तो आमच्या सोफ्यावर वाढलाय. त्याचं घर लांब, म्हणून सरावाच्या दिवसांत इथेच राहायचा. सोफ्यात मावायचा नाही, पाय बाहेर. मी स्टूल लावायचे पायांखाली. आणि टॉवेलचं त्याला मीच सांगितलं होतं. पहिल्याच हरलेल्या मॅचच्या दिवशी. ‘हे बघ राजा, टॉवेल असला की सर घरात नाहीत असं समजायचं.’ मान हलवली त्यानं. गुणी पोरगं.

…

चिमे, एक सांगते. कुणाला बोलले नाहीये… लंबूचा फोन आला होता मला. पोलिसांनी संघातल्या सगळ्यांचे फोन काढून घ्यायच्या आधी. म्हणाला, ‘काकू, मी माफी मागायला गेलो होतो. आतून काहीतरी पडल्यासारखा आवाज आला. जोरात आला, काकू. मी हात वर केला वाजवायला. पण टॉवेल होता ना.’

हो… हो. एवढंच. पण टॉवेल होता ना, पण टॉवेल होता ना. तेच परत परत.

मी काय म्हणणार? ‘बरं’ म्हणाले.

राग?… नाही येत गं. प्रयत्न करून बघितला. म्हटलं येऊ दे, राग तरी येऊ दे. नाही आला. कारण मी असते ना तिथे, तरी मीही नसतं वाजवलं. उभी राहिले असते, आवाज ऐकला असता, आणि चहा टाकायला गेले असते.

हो, ते कळतं मला. म्हणतील लोक त्याला. आवाज ऐकूनही परत गेला म्हणतील, जन्मभर म्हणतील. पण खुनी तर नाही म्हणणार? फाशीवर तर नाही ना चढवणार?… आणि सरांना रडका म्हणतील. हो. म्हणतीलच. तिथेच तर पाय अडतो माझा.

त्यांना अजिबात आवडणार नाही, चिमे. ‘माझं चार भिंतींतलं बाहेर कशाला काढलंस?’ म्हणतील… म्हणाले असते. म्हणाले असते म्हणायचं ना आता.

एवढी वर्षं सांभाळलं मी ते. कुणाला कळू दिलं नाही. तुलाही नाही. आणि आज गेटपाशी उभं राहून, माइकसमोर…

थांब.

काही नाही. दार वाजल्यासारखं वाटलं… छे, भास असेल. कुणी नाही वाजवणार, टॉवेल लावलाय मी… हो, मी. जोडीतला दुसरा. कपाटात होता. सकाळी अंघोळ झाली, बाहेर माणसांचा गलका, आणि हात आपोआप तिकडे गेला. लावला हँडलला, कडी घातली. तेव्हापासून कुणी फिरकलं नाही. दीर मघाशी बाहेरून नुसते खाकरून गेले. मघापासून कपबशी वाजतेय दाराबाहेर, चहा घेऊन कुणीतरी उभं असणार, पण…

वाजलं. नाही, खरंच वाजलं गं.

…

सासूबाई आहेत.

त्या वाजवतायत. टॉवेल दिसतोय त्यांना, तरी वाजवतायत… काय म्हणतायत?… थांब, ऐकू दे… म्हणतायत, ‘टॉवेल बघितला मी. तू ओ दे आधी. ओ दिली नाहीस तर दार तोडायला लावीन.’

उभ्या जन्मात कधी थाप मारली नाही त्यांनी या दारावर.

आई, आहे मी! आई, ठीक आहे हो, फोनवर आहे!… रडतायत गं त्या. मोठ्यानं रडतायत. नळबिळ काही नाही, सगळ्यांसमोर, पाहुण्यांसमोर…

नाही, मी नाही रडत. नाक वाहतंय नुसतं… हो, असेल. रडत असेन.

चिमे, ठेवते मी. त्या पोलीस अधिकाऱ्यांचा नंबर दिरांच्या मोबाईलमध्ये आहे, तो घेते आधी… देतील. नाही कसे देणार? आईंसमोर मागते… आणि पत्रकारांचं काय, येऊ देत. हा टॉवेल घेऊनच जाते खाली, जोडीतला. त्यांच्या त्या लाल गोलाच्या फोटोशेजारी धरू देत म्हणावं. सर रडायचे म्हणून सांगते. लंबूला सोडा म्हणून सांगते. सरांना काय रागवायचं ते रागवू देत माझ्यावर.

आले आई, आले! कडी काढते, घट्ट बसलीय… नाही, थांबू नका तुम्ही. वाजवा. मी उघडेपर्यंत वाजवत राहा.