संत निकोलाचा बल्ब

बेकरीच्या रांगेत नेवेन्काच्या पुढे दोघं होते. एक शिडाची बोट बाळगणारे झाग्रेबचे दातांचे डॉक्टर, दुसरे बंदरावर बोटींचं वायरिंग करणारे विच्कोकाका.

"काका, दर शनिवारी येतो तर बॅटरी मेलेली. तीन बदलल्या. पंप बदलला, सगळे दिवे बदलले."

"दुखरा दात सापडेना, म्हणून जबडाच काढलात."

"थट्टा नको. परवा वारा पडला, बोट खडकाकडे वाहायला लागली आणि इंजिन सुरूच होईना. मच्छीमारांनी ओढून आणलं."

"बंदरातून निघताना सुरू झालं होतं?"

"निघालो शिडावरच. शोभून दिसतं."

"येतानाही दिसलं, सगळ्या बंदराला. बरं, घरी जाताना मेन स्विच बंद करता ना?"

"दर वेळी. सगळं बंद. फक्त संत निकोला चालू."

"कोण चालू?"

"केबिनमधली तसबीर हो. तिच्यापुढचा लाल बल्ब सासूबाईंनी थेट बॅटरीवर लावून घेतलाय. खलाशांचा संत तो, त्याला अंधारात कसं ठेवायचं?"

"म्हणजे आठवडाभर जळतो. आणि सासूबाई बोटीवर कधी येतात तरी का?"

"छे, त्यांना पाण्याची भीती वाटते."

"परवा खडकाजवळ बल्ब चालू होता?"

"मिणमिणत होता."

"सगळी बॅटरी त्याला वाहिलीत, मग इंजिन काय नवसाने सुरू होणार? उद्या बल्बाला वेगळा स्विच बसवतो."

"सासूबाईंना काय सांगू?"

"सांगा, संत आता फक्त शनिवारी कामावर येतो. तुमच्यासारखाच."

"काका," मागून नेवेन्का हळूच म्हणाली, "स्विच दोन आणा. आमच्याही बोटीत संत निकोला आहे."