रबराचं काम रबराला

...तर त्या फिजिओथेरपीवाल्या तनुजा मॅडम म्हणतात काय, "ताई, बोट तुम्ही नुसतं वाकवा, उघडायचं काम रबर करील." आता तुम्हीच सांगा, बोट माझं आणि उघडणार रबर? माझं काम मी करते, त्यात चुकलं काय?

तुम्हाला सांगते, ज्वारीच्या कोठीचा पत्रा लागला, मधल्या बोटाची मागची नस तुटली, डॉक्टरांनी ती शिवली आणि हातात ही स्प्लिंट अडकवली. वर तार, तारेला रबर, आणि रबराला माझं बोट, मांडवाला घोसाळं लोंबावं तसं. आता व्यायाम. हाताला वायरी चिकटवल्या, समोर पडदा. स्नायूनं जोर केला की पडद्यावरची रेघ उसळते. बोट उघडताना ती सपाट पाहिजे, नाहीतर टाका तुटणार, बोट कायमचं वाकडं राहणार... मग भाकरी कशानं थापू, कोपरानं?

"सैल सोडा, ताई." सोडलं. रेघ टुणकन वर.

"रबरावर विश्वास ठेवा." अहो, सव्वीस वर्षांचा संसार, फुलंब्रीच्या नणंदेची दोन बाळंतपणं, तेव्हा कुणी म्हणालं का, राहू द्या वहिनी, रबर करील? माझं काम मी करते, त्यात चुकलं काय?

मग म्हणाल्या, "डोळे मिटा, शांत जागा आठवा." अजिंठ्याची सहल आठवली, पण तिथंही सगळ्यांचे डबे मीच उघडत होते की... रेघ पुन्हा वर.

आमचे हे स्टुलावरून म्हणतात, "मॅडम, तिला सैल हा शब्दच ठाऊक नाय. लई ताठ."

मी यांच्याकडं बघितलं. दोन्ही हात मांडीवर, निवांत. घरीही असेच. दारात सिलेंडर येवो, गॅसवर दूध उतू जावो, बोट हलत नाही. मी डोळे मिटले आणि मी हे झाले. सिलेंडर आलाय? येऊ दे, घेईल कुणीतरी.

बोट वाकवलं, सोडलं. रबरानं उघडलं. रेघ पाटासारखी सपाट.

"वा, ताई, काय आठवलंत?"

"काही नाही, घरचंच."

रिक्षात यांना खरं सांगितलं, तर चेहरा असा फुलला की विचारू नका. आता दिवसातनं चार वेळा डोळे मिटून मी हे होते. आणि हे, परातीत पीठ मळता मळता, मागं वळून सांगतात, "नाय, नाय, मी एवढी आठी घालून बसत नसतो."