गोळ्या आणि आत्याचा कौल

आमच्या आत्याने परवा कहर केला. मला संधिवात, थायरॉईड आणि कोड, तिन्ही ऑटोइम्यून. म्हणजे माझंच शरीर माझ्याशी भांडतं. आत्या म्हणाली, "सगळं एकाच पोरीला? गोळ्या बंद करायच्या का, देवीला विचारू."

नेलंच मला लांज्याजवळच्या देवळात. गुरवाने कौलासाठी देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर गोळ्या बंद! मी त्या उजव्या पाकळीकडे डोळे वटारून बघत बसले. बराच वेळ एकही पडेना. तेवढ्यात आत्याने पर्समधून स्वतःची बीपीची गोळी आणि पाण्याची बाटली काढली.

"आत्या, या गोळीचा कौल घेतलास?"

"वेडी की काय! गोळी चुकवून चालतं होय?"

"मग माझ्यापुरतं पाणी ठेव," म्हणत मीही माझ्या गोळ्या काढल्या.