कालच्या दुपारचा आकडा

आठवडाभर सावकाश, लक्ष देऊन जेवायचं आणि कुठे जेवलो, किती वेळ, भूक किती होती ते वहीत लिहायचं, असा दवाखान्यातला एक अभ्यास होता. आज वह्या परत करायच्या होत्या. बाकावर एक ड्रायव्हर आपली वही मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत होता. शेजारी एक तरुण मुलगी बसली होती आणि तिच्यापलीकडे एक वयस्कर बाई. मुलगी बाईंच्या वहीत डोकावत होती.

“काकू, ‘कुठे जेवलात’ म्हटलंय, तिथे रोज ‘जिना’ लिहिलंय तुम्ही?”

“जिन्यातच जेवते गं. वर्ष झालं. ह्यांना गिळता येत नाही, नळीने द्यावं लागतं. भाजीचा नुसता वास आला तरी मान वळवतात. त्यांच्यादेखत घास उतरेल का घशाखाली?”

“मग सावकाश कसलं जेवणार!”

“कसलं सावकाश! बकाबका कोंबायचं आणि धावत आत. पाच मिनिटं, पाच मिनिटं, बघ ना.”

“काल दुपारी मात्र पाऊण तास?”

“काल त्यांनीच खूण केली, ताट इथे आण म्हणून. मी बसले पलंगापाशी. इथल्या डॉक्टरबाईंनी शिकवलं तसा एकेक घास चावत होते. वर बघते तर ह्यांचाही जबडा हलतोय. मी थांबले की थांबायचा.”

ड्रायव्हरचा नंबर पुकारला. तो उठला नाही.

“काकू, कालचा भुकेचा आकडा राहिलाय. शून्य ते दहा. आत विचारतील.”

“माहितीये. सकाळपासून पेन धरून बसलेय. कोणाची भूक लिहू?”