फरिश्त्यांच्या तोडीची दुआ

नाही, भिंतीकडे तोंड करू नका खाला — पाठ वळवली की मी जाईन असं वाटतं तुम्हाला? जात नसते! वॉर्डात मला गोचीड म्हणतात, मोठे डॉक्टरसुद्धा, माझ्या पाठीमागे. आ करा. सूप आहे, विष नाही. — नको? बरं, बसते चमचा धरून. हात दुखला की तुमच्याच नावानं बोटं मोडीन.

सकाळी सुनेला काय म्हणालात? 'कंबर मोडलेली म्हातारी मी, आता कुणाच्या कामाची!' वा! आणि ही नर्स काय उगाच तुमची कूस बदलते, पाठीला पावडर लावते? अहो, मी पक्की स्वार्थी बाई आहे! आजाऱ्याची दुआ फरिश्त्यांच्या दुआसारखी असते, त्याच्याकडून आपल्यासाठी मागून घ्यावी — आपल्यात हे लहानपणीच शिकवतात ना? मग मी कशाला सोडते! पलीकडच्या पुरुष वॉर्डात शिंपीचाचा होते, त्यांच्याकडून लेकीला नवरा मागून घेतला. मिळाला की! घोरतो जरा — पण चूक माझी, तेवढं सांगायचं राहिलं. मग एका ड्रायव्हरकडून माझे गुडघे मागितले, तर तोच मेला ठणठणीत होऊन घरी पळाला, गुडघे आहेत तिथंच.

खांदा हलला! हसलात, मी पाहिलं! मग गिळा एवढा घोट — शाब्बास. आता माझ्यासाठी काय मागाल? पगारवाढ नको, तिच्यापुढे फरिश्तेही हात टेकतील. तुम्ही आपलं… उद्याचं मागा. उद्या मला आत घेणारेत, इथल्याच ऑपरेशन थिएटरात — छातीत गाठ आहे. छे, लहानशी, सुपारीएवढी! घरी नाही सांगितलं, लेक आत्ताच तर नांदायला गेलीय… बघा, बोलायचं नव्हतं आणि बोलून बसले. भीती वाटते हो खाला. आयुष्यभर दुसऱ्यांना धीर दिला, माझ्या वाट्याला चिमूटभर उरला नाही.

पण सौदा फायद्याचा आहे हं — उद्यापासून मीही आजारीच, म्हणजे माझ्याही दुआचा भाव वाढला! तुमची कंबर मी मागते, माझं तुम्ही बघा. म्हणून म्हणते, खाऊन घ्या, माझं काम अर्धवट टाकून कुठं जायचं नाही —

अहो, हात खाली! सलाईन आहे त्या हाताला, सुई निघेल! खाला, ऐका — दोन्ही हात कशाला उचलताय…

बरं. मागा. मी गप्प बसते.