आईने काढलेली बोट

हॅलो? … हो, ऐकू येतंय, पण जरा मोठ्याने बोल, इथे वारा आहे… तलावावर. हो, तलावावरच… अगं ऐक ना! … माहितेय मला, बोट फाटकाबाहेर जाऊ देणार नाही असा शब्द दिला होता तुला. नाही जमलं… कसं म्हणजे? मी उठायच्या आत आईने ट्रेलर गाडीला जोडून ठेवला होता. एकटीने! … ती सदुसष्टची आहे हे मला नको सांगूस, तिच्या गोळ्या मीच आणते.

ठीक आहे ती… बोटीत… हो, पाण्यावर… एकटी.

हॅलो? … अगं रडतेस काय, आधी ऐकून तर घे!

तुला कसली भीती होती? उलटेल म्हणून ना? … मलाही तीच. काठावर सरळ विचारलं तिला, आई, उलटली तर? तर म्हणते कशी, ‘चांगलं विचारलंस. उलटवूनच बघू.’ … हो गं, अस्संच! आमच्या ह्यांना धक्क्यावर उभं केलं, डोलकाठीच्या टोकाला दोर बांधला आणि म्हणाली, ओढा. ह्यांनी ओढलं, बोट कलली. ‘अजून ओढा.’ पुन्हा ओढलं. ‘जावईबापू, जेवून आलात ना?’ …

आडवी गं! पार आडवी! काठीचं टोक पाण्यात. चार वर्षं आई गॅरेजमध्ये ती बांधत, घासत बसली होती, सगळं गेलं असं वाटलं. गळ टाकून बसलेले दोघं होते, तेसुद्धा उठून उभे राहिले. मग आई म्हणाली, ‘सोडा.’

… उठली! … नाही ना, कोणी हातसुद्धा लावला नाही! अंगावरचं पांघरूण फेकून उठावं तशी उठली. दोनदा डुलली आणि ताठ उभी. आतलं पाणी आपलं आपण मागून वाहून गेलं… हे? इतकी वर्षं बोटीला ‘कपाट’ म्हणून चिडवत होते. आता धक्क्यावर बसून नुसते बघतायत.

अगं, बुडाखाली लोखंडाचं जड पातं आहे. ते खाली सोडलं की बोटीला उभंच राहावं लागतं. दोरी ओढली की पातं वर, बोटीच्या पोटात. मग गुडघाभर पाण्यातही चालते, ट्रेलरवरही बसते… काठी बिजागरीवर आहे, एकटीला उभी करता येते. आणि सगळ्या दोऱ्या बसल्या जागी हाताशी… हो, गुडघ्यांसाठीच. बोलली नाही कधी, पण बोटीच्या नकाशात काढून ठेवलंय सगळं.

तो नकाशा बघितलाय तू? … मीही आजच नीट बघितला. एकतीस वर्षं आईने पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाइपलाइनींचे नकाशे काढले, सही दरवेळी साहेबांची. ह्याच्या कोपऱ्यात तिची सही आहे. टपोरी… आणि अगं… थांब, सांगते. बाकांपाशी वजनं लिहिलीत. मागे ती, उजवीकडे मी, आणि डावीकडे… तू. ‘धाकटी, पंचावन्न’… हो, चार वर्षांपूर्वीची तारीख आहे. तू तिच्याशी बोलत नव्हतीस तेव्हाची… अंदाजानेच लिहिलं असेल. आपल्या जागी पाण्याचे कॅन बांधलेत तिने, तोल राहावा म्हणून. आत्ता तेच घेऊन फिरतेय.

… हॅलो? … पुन्हा रडतेस?

बरं, रड. पण ऐक. ती बघ, वळतेय… शीड ह्या बाजूचं त्या बाजूला गेलं, कसला आवाज नाही, काही नाही… किती छोटी दिसतेय गं. आपली आई आहे ती! मला अजून खरं वाटत नाहीये.

काय? … आज? … अगं तीन तासांचा रस्ता आहे… नाही नाही, ये! संध्याकाळपर्यंत आहोत आम्ही… काय म्हणालीस? … पंचावन्न नाही? मग किती? … एकसष्ट! अगं बाई!

थांब, काठाजवळ आलीये. विचारते… आई! ए आई! धाकटी येतेय! पण ती एकसष्ट किलोची झालीये!

… हसतेय गं… काय गं आई? … हो, सांगते.

म्हणते, बोटीला झेपेल. फोन ठेव आणि नीघ.